रोजकीर्द तुम्ही लिहा, खतावणी संगणकाला करू द्या

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर सांगितलेला फॉर्म्युला फोन ठेवेपर्यंतच लक्षात राहतो, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. हे पत्र लॅपटॉपशेजारी ठेवा. गूगल शीट्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. एक्सेलमध्येही बहुतेक हेच आहे.

बाबा, तुम्हाला यातलं मूळ काही नवं नाही. तुमच्या वहीत रोजकीर्द असते, म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंद, तिच्यावरून खतावणी, म्हणजे खात्यांप्रमाणे मांडणी, आणि खतावणीवरून तेरीज, म्हणजे एकूण गोषवारा. शीटमध्येही तेच तिन्ही आहे, फक्त हाताने लिहायची ती रोजकीर्दच. नवशिके नेमकं उलट करतात. आधी तेरजेचा देखणा तक्ता आखतात, दर महिन्याला वेगळी शीट, वर मोठं रंगीत शीर्षक, मधे मधे रिकाम्या ओळी, आणि त्यातच थेट आकडे भरतात. मग मार्चमध्ये कुणी विचारलं, वर्षभरात औषधांवर किती गेले, की बारा शीट चाळत बसायचं. तेव्हा एकच लांब रोजकीर्द ठेवा: एका ओळीत एक व्यवहार, एका खान्यात एक गोष्ट. जागा पुरेल का ही काळजी नको. एका फाइलीत १ कोटी खाने मावतात. सहा कॉलम आणि रोज दहा नोंदी धरल्या तरी वर्षाला २१,९०० खाने लागतील.

ब्राउझरमध्ये गूगल शीट्स उघडा आणि कोरी शीट घ्या. उभे कॉलम ए, बी, सी. आडव्या ओळी १, २, ३. दोन्ही मिळतात तिथला खाना, म्हणजे सेल, जसा बी५. पत्रात मी देवनागरीत लिहिते आहे, पण टाइप करताना ही अक्षरं आणि सगळे आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच घ्या. तपशील खुशाल मराठीत लिहा.

लिहायला लागण्याआधी एक काम: फाइल, मग सेटिंग्ज, तिथे लोकॅल, म्हणजे देश, भारत करा. ते अमेरिका राहिलं तर ५/६ ही ५ जून न होता ६ मे होते, आणि चूक दिसतसुद्धा नाही. ओळखायची खूण अशी, की महिन्याच्या १२ तारखेपर्यंत सगळं सुरळीत वाटतं आणि १३ पासून तारखा खान्याच्या डाव्या कडेला चिकटतात, कारण तेरावा महिना नसतो. संगणक आकडा आणि तारीख उजवीकडे टेकवतो, मजकूर डावीकडे. ही डावी-उजवी बाजू बघायची सवय लावून घ्या, निम्म्या चुका तिथेच सापडतात.

आई, तू दुधापासून सुरुवात कर. खाली डाव्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह आहे, त्याने नवी शीट येते. तिच्या नावावर दोनदा क्लिक करून 'दूध' नाव दे. पहिल्या ओळीत शीर्षकं: तारीख, लिटर, दर, रक्कम. दुसऱ्या ओळीत तारीख लिही, टॅब दाब, १.५ लिही, टॅब, ६४. टॅबने उजवीकडे जातेस. ओळ संपल्यावर एंटर दाबलंस की खालच्या ओळीच्या सुरुवातीला येतेस, माउस लागत नाही. डी२ मध्ये लिही: =बी२*सी२. सुरुवातीचं बरोबरचं चिन्ह म्हणजे 'हे लिहून ठेवू नको, कर' असा हुकूम. गुणाकाराला फुली नाही, तारा. एंटर दाबल्यावर ९६ दिसेल. आता डी२ वर क्लिक केलंस की त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीकसा ठिपका दिसतो. तो धरून खाली ओढ. तिसऱ्या ओळीत आपोआप बी३ गुणिले सी३ होतं. फॉर्म्युला पत्ता पाठ करत नाही, 'माझ्या डावीकडचे दोन' एवढंच लक्षात ठेवतो.

दूधवाला भैया दोन दिवस आला नाही तर लिटरच्या खान्यात ० लिही, ओळ गाळू नकोस. महिनाअखेर रकमेचे सगळे खाने माउसने निवडलेस की खाली उजव्या कोपऱ्यात बेरीज दिसते, फॉर्म्युलाही लागत नाही. तीस दिवसांतले दोन वजा जाता ४२ लिटर, २,६८८ रुपये. आता खान्यात '६४ रु.' किंवा 'दीड' लिहिलंस तर काय होतं? संगणकाच्या लेखी तो मजकूर. गुणाकार केला तर लाल खुणेसह चूक दाखवेल, ते बरंच. पण बेरीज अशा खान्याला मुकाट्याने वगळते आणि एकूण कमी येतं. ओरडणारी चूक परवडते, मुकी नाही. रुपयाचं चिन्ह हवंच असेल तर फॉरमॅटमधून लावायचं, टाइप करायचं नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, दर रोज कशाला लिहायचा, एकाच खान्यात ठेवू. तसं करता येतं, पण भैयाने मधेच दर वाढवला आणि तुम्ही तो खाना बदललात की मागच्या सगळ्या दिवसांच्या रकमा बदलतील, चुकवून झालेल्या बिलांच्याही. एक आकडा बदलला की त्यावरचं सगळं बदलावं, ही तर या वहीची मूळ कल्पनाच आहे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसिकॅल्क हे संगणकावरच्या अशा तक्त्याचं सॉफ्टवेअर आणलं ते फळ्यावर पुन्हा पुन्हा पुसून मांडायचा हिशोब वाचवायला. फक्त जे होऊन गेलं ते बदलू नये, एवढं आपण पाहायचं.

आता रोजकीर्द. नव्या शीटला तेच नाव द्या. कॉलम: तारीख, खातं, तपशील, रक्कम, महिना, कसे दिले. पहिली ओळ व्ह्यू, फ्रीझ, एक ओळ असं करून थांबवा, म्हणजे खाली गेलात तरी शीर्षकं दिसत राहतील. खाती मोजकी ठेवा: किराणा, भाजी, दूध, औषधं, वीज, नर्मदेचा नळ (पाण्याचं बिल), देणं-घेणं, इतर. सियागंज बाजारातून आणलेला किराणा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला, दोन्ही किराणाच. दुकान तपशिलात लिहा. दूधवाल्याला पैसे दिले त्या दिवशी इथे एकच ओळ. रोजचं दूध इथे पुन्हा लिहिलं तर दुप्पट मोजलं जाईल.

खात्याचं नाव मात्र टाइप करू नका. 'औषध', 'औषधं' आणि मागे चुकून स्पेस पडलेलं 'औषधं ' ही संगणकाच्या लेखी तीन खाती आहेत. बी कॉलम निवडा, इन्सर्ट, ड्रॉपडाउन, आणि आठ नावं एकदाच भरा. पुढे फक्त निवडायचं.

महिन्याच्या कॉलममध्ये ई२ ला =मंथ(ए२) लिहा (मंथ इंग्रजीत MONTH) आणि खाली ओढा. एप्रिलला ४, मार्चला ३. तारीख नसलेल्या ओळींत १२ दिसेल; घाबरू नका, रक्कम रिकामी असल्याने डिसेंबरची बेरीज बिघडत नाही. फाइल एप्रिल ते मार्च अशी वर्षाला एकच.

खतावणी तिसऱ्या शीटवर. पहिल्या कॉलममध्ये ए२ पासून खाली आठ खाती, पहिल्या ओळीत बी१ पासून ४, ५, ६ असे बारा महिने. बी२ मध्ये लिहायचं ते असं (समइफ्स इंग्रजीत SUMIFS):

=समइफ्स(रोजकीर्द!$डी:$डी, रोजकीर्द!$बी:$बी, $ए२, रोजकीर्द!$ई:$ई, बी$१)

वाचायचं असं: रकमेच्या कॉलममधलं तेवढंच जमव, जिथे खातं ए२ मधलं आहे आणि महिना बी१ मधला. शीटचं नाव हाताने लिहू नका; स्वल्पविरामापर्यंत आलात की रोजकीर्दवर जाऊन कॉलमच्या डोक्यावरच्या अक्षरावर क्लिक करा, नाव बिनचूक येतं. डॉलर म्हणजे खिळा. $ए२ मध्ये ए ठोकलेला आहे, आडवं ओढलं तरी खात्याचाच कॉलम राहतो. बी$१ मध्ये १ ठोकलेला, उभं ओढलं तरी महिन्यांचीच ओळ राहते. एफ४ दाबत राहिलात तर डॉलर जागा बदलतात. खिळा विसरलात तर पहिला खाना बरोबर येतो आणि ओढलेले चुकतात, म्हणून तिरपा दूरचा एखादा खाना हाताने पडताळा.

मग ताळा. खतावणीचे सगळे आकडे =सम() ने (इंग्रजीत SUM) जमवा, शेजारी रोजकीर्दीच्या डी कॉलमची बेरीज घ्या. दोन्ही जुळायला हवेत. फरक आला तर कुठे तरी खातं राहून गेलं आहे किंवा तारीख मजकूर म्हणून पडली आहे. बेरजेचा खाना बेरजेच्याच पट्ट्यात येऊ देऊ नका, स्वतःला मोजायला गेला की चूक दाखवतो. रोजकीर्दीच्या तळाशी बेरीज लिहूच नका, नव्या ओळी तिथेच यायच्या आहेत.

वीज बिलाचा ग्राहक क्रमांक, फोन नंबर, खातेक्रमांक लिहिताना आधी एकेरी अवतरण चिन्ह द्या. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात आणि पंधरा अंकांपुढचे अंक बदलून शून्य होतात. एटीएमचा पिन आणि पासवर्ड शीटमध्ये मुळीच नकोत.

क्रम लावायचा तर डेटामधला फिल्टर लावा. नुसता एक कॉलम निवडून क्रमवारी केलीत तर रकमा हलतात, तारखा जागेवर राहतात आणि साऱ्या ओळी एकमेकींत मिसळतात. झालंच तसं, तर लगेच कंट्रोल आणि झेड. भरलेल्या खान्यावर नुसतं टाइप केलं की जुनं पुसलं जातं. दुरुस्तीला दोनदा क्लिक करा किंवा एफ२, आणि मन बदललं तर एस्केप. गूगल शीट्समध्ये सेव्ह करायचं बटण शोधू नका, आपोआप होतं. कालची प्रत हवी असेल तर फाइलमध्ये व्हर्जन हिस्टरी आहे.

आईने नोंदी फोनवरून केल्या तरी चालतील, फॉर्म्युल्यांना हात लॅपटॉपवरच लावा. शेअरमधून मला 'व्ह्यूअर' म्हणून जोडा, 'एडिटर' नको. माझ्या हातून काही पुसलं जायला नको. आणि बाबा, पहिला महिना कागदी वही बंद करू नका. ३० तारखेला दोन्हींचा मेळ बसवा आणि जिथे बसत नाही त्या ओळीचा फोटो पाठवा.

तुमची,
धाकटी