सोन-कुल, घोडे वगैरे

प्रिय मंजू,

किरगिझस्तानातल्या सोन-कुल सरोवराकडे घोड्यावरून जायचं म्हटल्यावर फोनवर तू विचारलंस, ‘आयुष्यात कधी घोड्यावर बसले नाही, मला जमेल का गं?’ आणि तेवढ्यात तुझ्याकडे पाहुणे आले. बरंच झालं. हे प्रकरण फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतंच. आता सवडीने वाच.

आधी घोडा. डोक्यात माथेरान असेल तर काढून टाक. तिथे घोडेवाला लगाम धरून पुढे चालत असतो, आपण नुसतं बसायचं. इथे किझार्त नावाच्या गावात एका विशीतल्या पोराने मला नजरेनेच जोखलं, एक तांबूस, बुटकासा घोडा पुढे केला, तंग आवळला, रिकिबी माझ्या पायांच्या मापाच्या केल्या आणि लगाम माझ्या हातात देऊन मोकळा झाला. ‘चू’ म्हटलं की निघतो, ओठ फुरफुरवून ‘द्रर्र’ केलं की थांबतो. शिकवणी संपली! पण घाबरू नकोस. हे किरगीझ घोडे उंचीने बेताचे, खांद्यापाशी साडेचार फुटांच्या आसपास, आणि पाय टाकायला पक्के. उतारावर आपण शहाणपणा करायचा नाही. थोडं मागे रेलायचं, लगाम ढिला सोडायचा, दगड कुठला चुकवायचा ते तो बघतो. चौखूर उधळतो म्हणून लोक घाबरतात, पण खरा छळ असतो दुडक्या चालीचा. सगळी हाडं खिळखिळी होतात. खोगिरावर जाड गादी घातलेली असते, तरी संध्याकाळी उतरल्यावर मांड्या आपल्या नाहीतच असं वाटतं. जायच्या आधी महिनाभर रोज जिने चढ, बाकी काही नको.

राजधानी बिश्केकहून बुओम घाटातून कोचकोर हे गाव, तिथून किझार्त, आणि मग गाडीरस्ता सोडून किलेमचेच्या कुरणांतून, एक उंच खिंड ओलांडून सोन-कुल. हे सरोवर 3016 मीटरवर आहे, जवळपास 270 चौरस किलोमीटर पसरलेलं. खिंडीवरून पहिल्यांदा दिसतं तेव्हा खाली एकही झाड नसतं. नुसतं गवत, पाणी आणि पांढऱ्या ठिपक्यांसारखे तंबू. हिवाळ्यात सगळं गोठून जातं, कायमची वस्ती म्हणून नाहीच. बिश्केकच्या विमानात, सांगायचं राहिलं, लातूर-नांदेडकडची पोरं होती, तिकडे डॉक्टरकी शिकणारी. त्यातल्या एकानेही सोन-कुल पाहिलेलं नव्हतं. ‘आंटी, आम्हाला वेळ कुठे,’ म्हणाली.

आता त्या माणसांबद्दल. जाहिरातींत ‘भटक्या टोळ्यांसोबत राहा’ असं काहीबाही लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नकोस. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्यांचं खाली गावात पक्कं घर आहे, मुलं शाळेत जातात. शाळा सुटली की जूनमध्ये ट्रकवर तंबू, भांडी, चूल, आजी असं सगळं चढवून इथे जैलूवर यायचं, म्हणजे उन्हाळी कुरणावर, आणि सप्टेंबरमध्ये उतरायचं. तंबूवर सौरऊर्जेचा पत्रा, आत मोबाइल चार्जिंगला. आपले धनगर पावसाळा संपला की माणदेशातून कोकणात उतरतात. हे डोंगराची उंची धरून हलतात, एवढाच फरक. घरातले सासरे सोव्हिएत काळात सरकारी मेंढ्या राखायचे. 1991 नंतर सामूहिक शेतं मोडली, मेंढ्या वाटल्या गेल्या, आणि पोटासाठी लोकांनी त्या विकल्या नि खाल्ल्या. देशातल्या मेंढ्या-बकऱ्या सुमारे 1 कोटीवरून दहा वर्षांत 40 लाखांच्या आत आल्या. म्हातारबाबांनी हे सगळं एका हातवाऱ्यात सांगितलं. बाकीचं मला त्या वाटाड्या पोराने समजावलं.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते घोड्यांचं दूध काढणं, म्हणजे घोडींचं. शिंगरं सकाळपासून जमिनीलगत ताणलेल्या दोराला ओळीने बांधलेली असतात. मुलगा एकेक सोडतो, ते धावत जाऊन आईला लुचतं, पान्हा फुटला की त्याला ओढून बाजूला करायचं, पण आईच्या नजरेसमोरच धरायचं, नाहीतर ती दूध आवरते. मग मालकीणबाई एका गुडघ्यावर टेकतात, दुसऱ्या मांडीवर बादली, एक हात घोडीच्या मागच्या पायाला वेढा घालून. बघता बघता उरकतं. घोडीच्या कासेत दूध साठतच नाही फारसं, म्हणून दर दोनेक तासांनी पुन्हा सगळी रांग. गारा पडत होत्या तेव्हाही त्या डोक्यावर प्लॅस्टिक ओढून निघाल्या. मी मदतीला पुढे झाले तर हातानेच लांब राहा म्हणाल्या, अनोळखी माणसाला घोडी बुजते. मधल्या वेळात भट्टीत सुकं शेण सारायचं, पाव भाजायचा, साय काढायची, आणि आम्हा पाहुण्यांना चहा. त्यांच्या ऐन हंगामात आम्ही सुट्टीवर आलो होतो, मंजू. एक-दोनदा मला अगदी अवघडल्यासारखं झालं. पण पाहुण्यांचे पैसे लागतात, हेही त्यांनीच बोलून दाखवलं, अगदी सरळ. मला ते आवडलं.

ते दूध धुरी दिलेल्या चामड्याच्या पिशवीत आंबवतात आणि लाकडी दांड्याने घुसळत राहतात. हाच किमीझ. आंबट, धुरकट, जिभेवर चुरचुरणारा. किंचित मद्यांश असतो, तेव्हा तुझ्या एकादशीला चालायचा नाही. मी पहिल्या वाडग्याला तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी मागून घेतला. खाण्याचं म्हणशील तर तू शाकाहारी, म्हणून आधीच सांगून ठेवावं लागेल. मग बटाटे, कोबी, ताजा पाव, साय, जाम आणि बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, एवढ्यावर भागतं. उपाशी राहत नाहीस. मेतकुटाची पुडी मात्र ने. चहा वाडगाभर ओतत नाहीत, अर्धाच ओततात. पुन्हा पुन्हा मागावा आणि बसून राहावं म्हणून. पाव कधी उलटा ठेवू नकोस. जेवण संपलं की सगळे ओंजळ चेहऱ्यावरून फिरवतात, आपणही फिरवायची. संडास लांब आहे, पत्र्याचा, आणि रात्री थंडी कडाक्याची, जुलैतसुद्धा. यापेक्षा जास्त वर्णन करत नाही.

आता मुख्य सल्ला. सरोवराच्या काठाला नुसत्या पर्यटकांसाठी तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत, आत लोखंडी खाटा, बाहेर पाट्या. फोटो छान येतात. तिथे नको. ज्या तंबूसमोर शिंगरं बांधलेली दिसतील तिथे उतर. कोचकोरला गावकऱ्यांनीच चालवलेली पर्यटन संस्था आहे, ते अशी घरं देतात. ‘घोड्या दुहणारं घर हवं’ असं स्पष्ट सांगायचं. तिथेच शिरडकही बघ, रंगीत नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, सतरंज्या. 2012 साली युनेस्कोने ही कला तातडीने जपायच्या यादीत घातली. किंमत ऐकून दचकशील, पण एक करायला किती महिने जातात ते विचार आणि मग घासाघीस करायची का ते ठरव. मी नाही केली. ह्यांनी अजून तो विषय सोडलेला नाही.

ऑगस्ट सरता सरता थंडी वाढते आणि तंबू उतरायला लागतात, तेव्हा जायचं तर जुलैच. रजेचं बघ आणि गणपतीच्या आत कळव, म्हणजे मला तिकिटांचं पाहता येईल. हो, मी पुन्हा यायला तयार आहे, विचारू नकोस. भाऊजींना घोडा नकोच असेल तर कलमाक-आशू खिंडीतून जीप थेट पाण्यापर्यंत जाते. त्यांना तिकडून पाठवू, आपण दोघी मागून घोड्यांवर येऊ. गुडघ्याचा एक्स-रे काढला होतास, त्याचं काय झालं तेही लिही.

काकूंना नमस्कार.

तुझी,
नीलू