कॅसेटी वाचवणाऱ्यांनो, आभार

ऑगस्ट 2019. पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती, पाणी 55 फुटांवर गेलं आणि कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या केबल चॅनलच्या खोलीत शिरलं. गुडघाभर पाण्यातून तुम्ही तिघं-चौघं आलात. नावं विचारायचं राहूनच गेलं. "काका, टीव्ही राहू दे, आधी कॅसेटी द्या," तुमच्यातला एकजण म्हणाला.

चॅनल म्हणजे तरी काय, एक व्हीसीआर, चित्र-आवाज केबलच्या वायरीवर चढवणारा एक मॉड्युलेटर, सिग्नल वाढवणारे खांबांवरचे अँप्लिफायर आणि गल्लीबोळांतून ओढलेली वायर. 1995 चा केबल कायदा आल्यावर हेड पोस्टात नोंदणी केली; तोवर सगळा कारभार भरवशावर. शाहू स्टेडियमवरची तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच आम्ही रात्री दाखवायचो. पेनल्टी घालवलेला खेळाडूच फोन करायचा, "तेवढं कापा की ओ!" कापलं नाही कधी.

ओल्या कॅसेटी उन्हात टाकू नका, सावलीत उभ्या ठेवा, असं बजावून गेलेली ताई कोण होती? तिचं ऐकलं म्हणून बऱ्याचशा चालल्या. बुरशीमुळं व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, सारखं पुसावं लागलं, एवढंच.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ओळख पटली तर चहाला या. ती पेनल्टी अजून आहे.