महालक्ष्म्यांना येणं जमत नाही, म्हणून

प्रिय आई-बाबा,

फोनवर आई 'जेवलीस का' विचारते आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितेय. यंदा महालक्ष्म्यांना मला येता येणार नाही. आणि पावसाळाभर नाइट शिफ्ट करायची लेखी संमती मी देऊन टाकलीय.

बाबा, लगेच चिडू नका. इथे छत्तीसगढमध्ये, गेवऱ्याच्या उघड्या कोळसा खाणीत नव्या शॉव्हलची ट्रायल चालू आहे. (आई, शॉव्हल म्हणजे माती-कोळसा उपसून डंपरमध्ये भरणारं अवाढव्य मशीन.) खोदाईच्या कोरड्या भिंतीवर कुठलंही मशीन चालतं हो, खरी परीक्षा आत्ता. वरच्या बेंचची, म्हणजे खाणीच्या वरच्या पायरीची, चिकण माती बकेटमध्ये परातीतल्या कणकेसारखी चिकटून बसते. बकेटचं दार उघडलं तरी कोपऱ्यातली सुटत नाही. म्हणायला बकेट 42 घनमीटरची, पण 240 टनी डंपर एरवी चार बकेटांत भरतो तिथे पाचवी मारावी लागते आणि मागे डंपरांची रांग लागते. एक बकेट भरून ओतायला लागणारा वेळ, मोटरचं तापमान, मशीनच्या पट्ट्यांखालची जमीन किती दबली, सगळं जागेवर टिपायचं. रात्रीच्या पावसात ऑपरेटरला बेंचची कड दिसते का, हे दिवसा कसं कळणार? नुसत्या दिवसाच्या आकड्यांवर सही ठोकली, तर उद्या त्या केबिनमध्ये बसणाऱ्याला काय तोंड दाखवू?

तुमच्या काळी बायकांना खाणीत रात्री बंदीच होती. 2019 मध्ये उघड्या खाणींत परवानगी मिळाली, तीही शिफ्टला किमान तिघी असतील तरच. त्यामुळे मी एकटी नसते. शॉव्हलच्या विजेच्या केबलला लीकेज झालं तर करंट आपोआप तुटतो, ते तुम्हाला मी काय सांगायचं! ॲडमिशनच्या वेळचं तुमचं बोलणं मी काढत नाहीये.

आई, क्वार्टर गळत नाही. गिझर आहे, गमबूट दोन जोड आहेत. मेसमध्ये भातावर भात, पण तुझी जवसाची चटणी अजून पुरतेय.

बाबा, तुम्ही सेकंड शिफ्टवरून यायचात, आंघोळ केली तरी पापण्यांना कोळशाचं काजळ राहायचं आणि मी हसायची. डब्यातला गुळाचा खडा मिळाल्याशिवाय झोपायची नाही. परवा पहाटे आरशात माझ्याच पापण्या बघितल्या आणि तुमची फार आठवण आली.

आता ऐका. खोकल्याचा एक्स-रे याच आठवड्यात काढायचा, हळदीच्या दुधावर भागवायचं नाही. मुखवटे माळ्यावरून दादा काढेल, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. आई, सोळा भाज्या एकटीनं निवडत बसू नकोस, काकूला आदल्या दिवशीच बोलाव. ती बोलते जास्त, पण हात भरभर चालतो.

एक्स-रेचा फोटो दादाला काढायला सांगा. बाबांच्या फोटोत बोटच जास्त येतं.

तुमची,
छकुली