कांद्याच्या भज्यात पाणी टाकायला सांगू नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका खेड्यात राहते. तुमचा पेपर आमच्या गावात सकाळच्या एसटीनं येतो, मामाजी म्हणजे माझे सासरे आधी वाचतात मग माझ्या हाती लागतो, आणि रविवारची पुरवणी मी कधीच सोडत नाही. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे, मोबाईलवर टाईप करून राहिली त्यामुळं शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

कांदेनवमीच्या आधीच्या रविवारी तुम्ही कुरकुरीत कांदाभजीची रेसिपी छापली होती. ४ कांदे, २ वाट्या बेसन, पाऊण वाटी पाणी, चिमूटभर सोडा, आणि शेवटची ओळ अशी की भजी पेपरवर काढून तेल टिपून घ्या. फोटो छान होता. माझी मुलगी अमरावतीला शिकते, तिघी मैत्रिणी मिळून रूम करून राहतात, तिनं ती रेसिपी पाहून जशीच्या तशी केली आणि संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल लावला, चेहरा पार उतरलेला. म्हणे आई, वरून लाल झाले पण आतमधून पीठ कच्चं लागून राहिलं आणि पाच मिनिटात सगळे लुळे पडले. मी विचारलं पाणी किती टाकलं, तर म्हणे पेपरमध्ये लिहिलं तेवढंच टाकलं ना. मैत्रिणींना हौसेनं बोलावलं होतं तिनं, पावशेर बेसन आणि तेल वाया गेलं ते वेगळंच, आणि पोरगी समजून बसली की आपल्याला स्वयंपाक जमत नाही. तिची काहीच चूक नव्हती साहेब, म्हणून लिहायला बसली.

कांद्याच्या भज्यात पाणी टाकायचंच नसते. कांद्यात शंभरातले जवळपास नव्वद भाग पाणीच असते, मीठ लागलं की ते आपोआप बाहेर येते आणि तेवढ्या पाण्यात जेवढं बेसन भिजते तेवढंच बेसन कांद्याला लागते. आमच्या सासूबाई मला लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या, "कांद्याले पाणी पाजू नको वं पोरी, त्याच्या पोटात लय पाणी असते." वरून पाणी टाकलं की पीठ सैल होते, मग घट्ट करायला आणखी बेसन टाका, म्हणजे कांदा कमी आणि बेसन जास्त, आणि तळून हातात येतात ते पिठाचे गोळे. त्याला बोंडं म्हणा, काहीही म्हणा, पण कुरकुरीत कांदाभजे नका म्हणू.

दुसरं म्हणजे पाण्याचं माप छापताच येत नाही, कारण कांदा बारा महिने सारखा नसतो. उन्हाळी कांदा एप्रिल-मे मध्ये निघते, पात वाळवून सावलीत पसरून ठेवला की आषाढापर्यंत त्याचं टरफल कसं कागदासारखं कडकड वाजते, त्याला पाणी कमी सुटते आणि सावकाश सुटते. तोच दिवाळीच्या आसपास नवा खरिपाचा कांदा बाजारात आला की त्याची साल पातळ, अंग ओलं, चिरतानाच पाट भिजते, मीठ लावल्याबरोबर पाच मिनिटात परातीत पाणी. आता सांगा, पाऊण वाटी पाणी कोणत्या कांद्यासाठी लिहिलं होतं? आमच्या विहिरीजवळ घरापुरते चार वाफे असतात, त्यात लालही लावतो आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा अकोला सफेद म्हणून पांढरा कांदा आहे तोही लावतो. माझा अनुभव असा की पांढऱ्याचे भजे जरा जास्त वेळ कडक राहतात, तसं पण वाळवून पावडर करायला कंपन्या पांढराच कांदा घेतात. पण तिखटपणा लालमध्येच आहे, घरात पोट्ट्यांना लालचेच आवडतात.

मी कसे करते ते लिहिते, जागा असली तर छापा. अर्धा किलो कांदा घ्यायचा म्हणजे मध्यम आकाराचे ४-५ झाले. देठ आणि मुळाकडचा भाग काढून दोन फाका करायच्या आणि उभा बारीक चिरायचा, गोल चकत्या नाही, सगळे काप सारखे आले पाहिजेत नाहीतर बारीक आधी जळते आणि जाड कच्चं राहते. मग काप हातानं मोकळे करायचे, पाकळी न पाकळी सुटली पाहिजे, हे काम कंटाळवाणं आहे पण खेकड्याच्या पायासारखे जे काप बाहेर निघतात ते यानंच निघतात. एक सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा बरं का, ते लावून हलक्या हातानं चोळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. सुटलेलं पाणी पिळून फेकायचं नाही, तेच तर आपलं पाणी आहे. मग तिखट, हळद, तळहातावर चोळलेला ओवा, जाडसर कुटलेले धने, हिरवी मिरची, मूठभर सांबार बारीक चिरून. (पुण्याकडचे लोक कोथिंबीर म्हणतात, आमच्याकडे सांबारच.) आणि आता बेसन, पण एकदम वाटी उपडी करायची नाही, मूठ मूठ भुरभुरायचं आणि दर मुठीला बोटांनी वरखाली करायचं, काप ओलसर दिसले की आणखी एक मूठ. साधारण एक शिगोशीग वाटी जाते, कधी कमी जाते. दोन चमचे तांदळाचं पीठ टाकलं की कडकपणा जास्त टिकते. हातात उचलून पाहिलं तर कांदा दिसला पाहिजे, बेसन नुसतं चिकटलेलं दिसलं पाहिजे. सोडा अजिबात नको, सोड्यानं भजं फुगते, जाळीदार होते, तेल पिते आणि थंड झालं की मऊ पडते.

बेसनाचं पण सांगते. आम्ही आमच्या वावरातला हरभरा वापरतो, जाकी ९२१८ हे वाण पेरतो, त्याची डाळ करून चक्कीवरून थोडी जाडसर दळून आणतो. विकतच्या गुळगुळीत बेसनापेक्षा जाडसर दळलेल्याचे भजे जास्त खुसखुशीत होतात. शहरात जमत नसेल तर बेसनात चमचाभर रवा टाकला तरी फरक पडते.

आता माझी चूक सांगते, कारण ही चूक पुष्कळ जणी करतात. लग्न होऊन वर्ष पण झालं नव्हतं, हरभरा काढायला थ्रेशर आलं होतं आणि १४ माणसं जेवायला होती, सासूबाई म्हणाल्या भाकर-पिठल्यासोबत भजे काढ. मी तीन किलो कांदा चिरला आणि काम लवकर व्हावं म्हणून सगळ्याला एकदमच मीठ लावून परात बाजूला ठेवली. चूल पेटता पेटेना, ओली पऱ्हाटी म्हणजे कापसाच्या काड्या होत्या, त्यात अर्धा-पाऊण तास गेला. येऊन पाहते तर परातीत तळं साचलेलं. घाबरून बेसन टाकत गेले टाकत गेले, डबा रिकामा झाला आणि भजे निघाले ते दगडासारखे, आतमधून गिच्च. मला रडू आलं. सासूबाई काहीच बोलल्या नाही, शेजारून दोन वाट्या बेसन आणलं, नवीन कांदा चिरायला बसल्या आणि दोन मुठी कांद्याला मीठ, तो घाणा कढईत गेला की पुढच्या दोन मुठींना मीठ, असं करत करत सगळ्यांना गरम गरम वाढलं. तेव्हापासून मी कांदा कितीही चिरला तरी मीठ आणि बेसन एका घाण्यापुरतंच लावते. भिजवलेलं पीठ वाट पाहत बसलं की कांदा पाणी सोडतच राहते, म्हणून पहिला घाणा चांगला येते आणि तिसरा बिघडते, आणि बाई समजते की तेल बिघडलं.

तेलाचं म्हणाल तर फल्लीतेल म्हणजे शेंगदाण्याचं तेल सगळ्यात चांगलं, परवडत नसेल तर सोयाबीन. तेल तापलं का नाही ते पाहायला कांद्याचा एक काप टाकायचा, तो खाली जाऊन बुडबुडे सोडत हळूच वर आला की बरोबर, टाकल्या टाकल्या वर येऊन काळपट झाला तर जास्त तापलं, तळाशीच बसून राहिला तर थांबा. ज्यांच्याकडे मोजायचं यंत्र आहे त्यांच्यासाठी १७० ते १८० डिग्री. भजं सोडताना मूठ दाबून गोळा करायचा नाही, बोटांच्या टोकावर घ्यायचं आणि कढईच्या काठाजवळून मोकळं सोडायचं. कढई भरून टाकायची नाही, गर्दी झाली की तेल थंड पडते आणि मग भजे तळत नाहीत, तेलात भिजतात.

आणि कान द्यायचा. आमच्या सासूबाईंना आता डोळ्यानं कमी दिसते पण भजे अजून त्याच काढतात, आवाजावर. आधी तेल जोरात चरचरते, ते कांद्यातलं पाणी वाफ होऊन निघून राहिलेलं असते, मग आवाज बारीक होत जाते, बुडबुडे लहान होतात, आणि झाऱ्यानं हलवलं की भजे एकमेकाला लागून खडखड वाजतात, तेव्हा काढायचे. नुसता रंग पाहून काढलं तर आतलं पाणी तसंच राहते आणि तेच पाच मिनिटात भजं लुळं पाडते. चुलीवर आणखी एक काम वाढते, पऱ्हाटीचा जाळ धडाडते आणि लगेच बसते, म्हणून त्या एका हातानं काड्या पुढं-मागं करत राहतात. गॅसवर एवढी कसरत नाही, मध्यम आच ठेवली की झालं.

काढल्यावर पेपरवर टाकू नका ही माझी दुसरी विनंती आहे, आणि ही तुम्हाला पेपरवाल्यांना करायला मला संकोच वाटते. पण पेपरची शाई गरम तेलात उतरते, आमच्याकडे आठवडी बाजारात भजे खाऊन झाले की कागदावरची अक्षरं भज्यावर उलटी उमटलेली मी डोळ्यानं पाहिली आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरण म्हणजे एफएसएसएआयनं २०१६ मध्ये आणि परत २०२३ मध्ये सांगितलं की वर्तमानपत्रात खायचे पदार्थ बांधू नका, त्यावर तेल टिपू नका, शाईतली रसायनं पोटात जातात. लहान लहान लेकरं खातात ते. आणि तसंही कागदावर टाकलं की खालून वाफ कोंडते, भज्याची खालची बाजू ओली होते. आम्ही स्टीलच्या चाळणीत काढतो, खाली ताट ठेवतो, एकावर एक रचत नाही आणि झाकण तर अजिबात ठेवत नाही. तळून उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसात फोडणीला संपवायचं, परत परत त्यातच तळू नका.

खायला सोबत तळलेली मिरची आणि पातळ कढी, बस. कांदेनवमीला आमच्याकडे हेच असते, दोन दिवसांनी आषाढी एकादशी आणि मग सासूबाईंचा चातुर्मास, कार्तिकीपर्यंत त्या कांदा तोंडात घालत नाहीत. चातुर्मासाआधीचे त्यांचे शेवटचे भजे असतात ते, म्हणून त्या दिवशी घाई चालत नाही.

मागच्या रविवारी मुलीला मी फोनवर बसून करवून घेतले. पाणी नाही, सोडा नाही, दोन दोन मुठी. पहिला घाणा झाला तेव्हा तिनं फोन चाळणीजवळ नेला आणि झाऱ्यानं भजे हलवून दाखवले, सासूबाई माझ्या बाजूलाच होत्या, त्यांनी आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "आता काढ, झाले."

तर साहेब, येत्या रविवारी दुरुस्ती छापा ही विनंती. जागा कमी असेल तर बाकी काही नका छापू, पण पाऊण वाटी पाण्याची आणि पेपरवर काढायची, ह्या दोन ओळी चुकीच्या होत्या एवढं नक्की लिहा.

आपली नेहमीची वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ