स्विंडनच्या आजी-आजोबांचं लहानपण रेकॉर्ड करायचंय, माणसं हवीत आणि थोडे पैसे पण

मंडळी नमस्कार, हा गणपतीच्या वर्गणीचा मेसेज नाहीये, ती जमली, सगळ्यांचे आभार. हे काम वेगळं आहे आणि याला पैशांपेक्षा माणसं जास्त लागणारेत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, चहा घेऊन बसा.

आपण इथे इंग्लंडमध्ये स्विंडनला आलो ते कुणी आयटीतून, कुणी हॉस्पिटलच्या नोकरीवर, आपले गोव्याचे लोक पोर्तुगीज पासपोर्टवर येऊन वेअरहाउसमध्ये लागले, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे गाव म्हणजे मॅजिक राउंडअबाउटचा चौक, एम फोर हायवे आणि खरेदीचं आउटलेट, संपलं. पण त्या आउटलेटमध्ये आपण सेलच्या टायमाला बूट बघत फिरतो ना, त्या भिंती ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्याच्या आहेत. १८४० मध्ये रेल्वेच्या इंजिनांचं खातं बघणाऱ्या डॅनियल गूचने मुख्य इंजिनीअर ब्रुनेलला पत्र लिहून ही जागा सुचवली, जानेवारी १८४३ पासून कारखाना नीट सुरू झाला, आणि १९२० च्या दशकात तिथे चौदा हजारांच्या वर माणसं कामाला होती. ब्रिटिश रेल्वेसाठी बनलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, इव्हिनिंग स्टार, १९६० मध्ये इथूनच बाहेर पडलं. मार्च १९८६ ला सगळं बंद.

आता यातला मोठ्यांचा इतिहास नीट सांभाळलेला आहे, त्याची काळजी आपण करायला नको. स्टीम म्यूझियम आहे, हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या संस्थेचं अर्काइव्ह तर कारखान्याच्याच जुन्या ऑफिसात आहे, इंजिनांचे ड्रॉइंग, नंबर, इंजिनीअरांचे फोटो, सगळं मिळतं. नाही मिळत ते म्हणजे ज्यांचे वडील 'इनसाइड' होते (कारखान्यात कामाला असणं याला इथले जुने लोक असंच म्हणतात) त्या पोरांचं लहानपण. गल्लीत काय खेळायचे, वडील घरी आल्यावर कसा वास यायचा, पगाराच्या दिवशी काय खायला मिळायचं. १९४० च्या आसपासची ती पोरं आज पंचाऐंशी-नव्वदीत आहेत. कारखाना बंद होऊन चाळीस वर्षं होतायत म्हणजे शेवटच्या बॅचचे अप्रेंटिससुद्धा आता पेन्शनच्या जवळ आले. हे काम पाच वर्षांनी करू म्हणण्यात अर्थ नाही एवढंच मला म्हणायचंय.

ही कल्पना आली कुठून तर आपल्या मंडळातल्या चौघी-पाचजणी केअरर आणि नर्स आहेत, त्यांना या गोष्टी रोज ऐकायला मिळतात. आणि माझ्या शेजारच्या आजी, वय नव्वद, वडील बॉयलरच्या कामावर होते. बॉयलरचे रिव्हेट ठोकणाऱ्या माणसांचे कान जायचे, तसे यांच्याही वडिलांचे गेले, त्यामुळे घरात सगळ्यांना ओरडून बोलायची सवय, आणि लग्न होऊन सासरी गेल्यावर सासूला वाटलं ही मुलगी भांडकुदळ आहे. हे कुठल्या म्यूझियमच्या पाटीवर लिहिलेलं असणारे सांगा!

त्यांच्याकडून 'ट्रिप'बद्दल ऐकलं आणि मी अक्षरशः पळत घरी येऊन लिहून काढलं. ट्रिप म्हणजे जुलैच्या सुरुवातीला कारखाना आठवडाभर बंद आणि कामगारांना कुटुंबासकट फुकट रेल्वे. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनने, म्हणजे कामगारांच्या शिक्षण-करमणुकीच्या संस्थेने, पहिली काढली १८४९ मध्ये, पाचएकशे माणसं ऑक्सफर्डला नेली, आणि पुढे ती एवढी वाढली की पहिल्या महायुद्धाच्या आधी पंचवीस हजाराच्या आसपास लोक एका झटक्यात गाव सोडून समुद्रावर जायचे. समुद्रकाठच्या वेमथला तर स्विंडन-बाय-द-सीच म्हणायचे. अर्धं गाव गेल्यावर मागे दुकानं उघडी ठेवून करणार काय, ती पण बंद. आता यात गोम अशी की रेल्वे फुकट पण सुट्टी बिनपगारी, १९३८ चा पगारी सुट्ट्यांचा कायदा येईपर्यंत असंच होतं, म्हणजे परत आल्यावर घरात पैसे नाहीत. आजींची आई वर्षभर एका डब्यात सुटे पैसे टाकायची, आणि ट्रिपनंतरच्या आठवड्यात घरोघरी ब्रेड आणि ड्रिपिंग, म्हणजे मांस भाजताना गळलेली चरबी ब्रेडला लावून.

एवढ्या गाड्या स्टेशनात मावणार नाहीत म्हणून त्या कारखान्याच्या यार्डातूनच सुटायच्या, तिथे प्लॅटफॉर्म कुठला, तर जमिनीवरून शिडी लावून डब्यात चढायचं. आजी युद्धानंतरचं सांगतात, दहा-अकरा वर्षांच्या असतील, पहाटेचा अंधार, शिडीवर पुढे आई, तिच्या हातात ट्रंकेची एक बाजू, खालून वडील ढकलतायत, आणि यांना एकच भीती की खालच्या पोरांना आपली चड्डी दिसेल. म्हणून फ्रॉक एका हाताने घट्ट धरून चढल्या आणि दुसऱ्या हातातली पत्र्याची बादली खाली पडली, ती गेली ती गेलीच, आणि वेमथला आठवडाभर शेजारच्या मुलाच्या बादलीने वाळूचे किल्ले केले. पुढे त्याच मुलाशी लग्न झालं. (हे खरं का असं मी विचारलं, तर म्हणाल्या, तुला आवडलं ना, मग झालं.)

ऑगस्टमध्ये पार्कात मुलांची जत्रा भरायची, चिल्ड्रन्स फेट, १८६८ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत. प्रत्येक पोराला पिशवीत केकचा मोठा तुकडा आणि पाळण्यात एक चक्कर फुकट. टनावारी केक लागायचा आणि तो कापायला मशिन कुणी बनवलं तर कारखान्यानेच, रेल्वेची माणसं, त्यांना सुरीने काम करायला नको वाटलं असणार. आजींनी स्वतः ही जत्रा पाहिली ती कडेवर असताना, त्यांना आठवत नाही, मोठ्या बहिणीकडून ऐकलेलं आहे, आणि ती बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. मला पोचायला उशीर होणं म्हणजे हे.

लालबाग-परळमधून आलेल्यांना भोंगा काय ते सांगायला नको. इथलाही तसाच, १८६७ पासून, आख्ख्या पंचक्रोशीला ऐकू जायचा. लिडियार्ड पार्कला आपण पिकनिक करतो ना, तिथल्या लॉर्ड बोलिंगब्रोकने झोपमोड होते म्हणून सरकारदरबारी तक्रार केली, परवाना रद्द करून आणला, तर कंपनीने दुसरा भोंगा बसवला आणि वाजवत राहिली, १९८६ च्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत. मला हवंय ते असं की पहिला भोंगा झाल्यावर घरात कोण उठायचं, चूल कोण पेटवायचं, पोरांना शाळेची वेळ भोंग्यावरून कळायची का. गिरणगावातले आपले आजी-आजोबा हे सांगताना कुणी रेकॉर्ड केलं का? माझ्या आजोबांचं नाही केलं कुणी.

एमलिन स्क्वेअरच्या बाजूची ती दगडी घरांची वस्ती बघितलीय ना, रेल्वे व्हिलेज, तीनशे घरं, आणि गल्ल्यांची नावं सगळी रेल्वेच्या गावांची, ब्रिस्टल, टॉन्टन, एक्झेटर, ऑक्सफर्ड, रीडिंग. इथेच १८४७ मध्ये मेडिकल फंड निघाला, पगारातून थोडे पैसे कापायचे आणि डॉक्टर, औषध मिळायचं, पुढे हॉस्पिटल, आंघोळीचे हौद सगळं झालं, एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, यायच्या शंभर वर्षं आधी. आपले निम्मे लोक एनएचएसमध्ये, निदान त्यांनी तरी त्या फंडाची इमारत बघून यावी, मिल्टन रोडवर आहे.

आणि आल्फ्रेड विल्यम्स. हा माणूस जवळच्या साउथ मार्स्टनचा, १८९२ ते १९१४ कारखान्यात घणावर राबला, आणि काम संपवून घरी येऊन लॅटिन, ग्रीक शिकायचा. तब्येत बिघडून नोकरी सुटल्यावर सायकलवर गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांकडून जुनी गाणी उतरवून घेतली, नाहीतर ती गेलीच असती. पहिल्या महायुद्धात तोफखान्यातून हिंदुस्थानात गेला, परत आल्यावर नवराबायकोने मोडक्या कालव्याच्या विटा आणून स्वतःच्या हाताने घर बांधलं आणि त्याला नाव दिलं रानीखेत. मग संस्कृत शिकला आणि पंचतंत्राच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या. १९३० मध्ये गेला, गरिबीतच. त्याच्याकडे सायकल होती, आपल्याकडे तर फोन आहेत, गाड्या आहेत, निमित्त नाही चालणार.

तर आता मुद्द्याचं. आपल्याला पहिल्या टप्प्यात वीस-पंचवीस जणांच्या मुलाखती घ्यायच्यात, प्रत्येकी तासभर, त्यांच्या घरी जाऊन. इंग्रज आजी-आजोबा तर आहेतच, पण युद्धानंतर इथे आलेल्या पोलिश आणि इटालियन कुटुंबांतले पण हवेत, आणि गोव्याच्या मंडळींनी प्लीज स्वतःला बाहेरचं समजू नका, तुमची पोरं इथे वाढली, त्यांचं लहानपण पण स्विंडनचंच आहे.

माणसं कोणती हवीत. एक तर गप्पा मारता येणारी, म्हणजे ऐकता येणारी, मध्येमध्ये स्वतःचं न सांगणारी, आपल्यात अशी कमी आहेत तरी बघू. गाडी असलेले तिघं-चौघं. आणि सगळ्यात जास्त हवीत ती इथे शिकलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं, कारण रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचंय आणि आपल्या या विल्टशर जिल्ह्याचे जुने उच्चार ना आपल्याला धड कळतात ना त्या ऑटोमॅटिक सबटायटलला, मी करून बघितलं, त्याने हूटरचं (म्हणजे भोंग्याचं) कंप्युटर केलं. तरुण मुलांसाठीच्या ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डच्या व्हॉलंटिअरिंगमध्ये हे तास धरता येतील का ते शाळेत विचारून घ्या.

पैशांचं म्हणाल तर साधारण अठराशे पाउंड लागतील, त्यातले चारशे गणपतीच्या शिलकीतून घ्यायला कमिटीने हो म्हटलंय. दोन चांगले रेकॉर्डर आणि माइक, एक स्कॅनर, हॉलचं भाडं, आणि मोठा खर्च जुन्या कॅसेटचा. एका घरात बुटांच्या खोक्यात कॅसेट सापडल्यात, कारखाना बंद व्हायच्या वेळी नातवाने शाळेच्या प्रोजेक्टसाठी आजोबांना बोलतं केलेलं. त्यातल्या दोन मी हातात घेऊन बघितल्या, टेपच्या मागचा तो छोटा फेल्टचा तुकडा असतो ना जो टेपला हेडवर दाबून धरतो, तो गोंद सुटून आतच पडलाय, आणि एकीवर पांढरी बुरशी. अशी कॅसेट घरच्या प्लेअरमध्ये घालायची नाही, घालूच नका, टेप गुंडाळली की गेली. जाणकाराकडे द्यावी लागेल आणि तो नगावर पैसे घेतो. पाच पाउंड दिलेत तरी चालेल, खरंच. आपण रजिस्टर्ड चॅरिटी नाही त्यामुळे गिफ्ट एड (देणगीवरचा कर सरकार चॅरिटीला देतं ते) मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाकू, पावतीसकट.

ज्यांच्या शेजारी-पाजारी, ऑफिसात कुणाकडे ट्रिपचे फोटो, हजेरीचे पितळी बिल्ले, जुने पास असतील त्यांना विचारा, वस्तू आपण घेणार नाही, तिथेच स्कॅन करून परत. केअरर आणि नर्स मंडळींना हात जोडून विनंती, ड्युटीवर रेकॉर्डिंग अजिबात नको, नोकरी जाईल. ज्यांना बोलायचंय त्यांच्या घरच्यांशी आधी बोलू, संमतीचा फॉर्म भरू, आणि एखादी गोष्ट नंतर काढून टाका म्हणाले तर मुकाट्याने काढायची. सगळं झालं की एक कॉपी सेंट्रल लायब्ररीच्या लोकल स्टडीज विभागाला देऊ करणार, एक त्या कुटुंबाला, एक आपल्याकडे.

जुलैमध्ये, ट्रिपच्याच आठवड्यात, हॉलमध्ये सगळ्या आजी-आजोबांना बोलावून रेकॉर्डिंगमधले तुकडे ऐकवायचा विचार आहे. चहा आणि बटाटेवडे आपले. स्विंडन स्टेशनच्या कॉफीबद्दल ब्रुनेलने १८४२ मध्ये रागाने पत्र लिहिलं होतं की ही कॉफी असेल असं मला वाटलंच नाही, तेव्हा चहा बरा करा, इज्जतीचा प्रश्न आहे.

पैसे खजिनदारांकडे, नावं माझ्याकडे, ग्रुपवर नको, पर्सनल मेसेज करा म्हणजे हरवणार नाही. महिनाअखेर पहिली मीटिंग, रविवारी दुपारी, पोरांना पण घेऊन या, आणि ज्यांच्याकडे कॅसेटचा जुना प्लेअर माळ्यावर पडलाय त्यांनी तो टाकून देऊ नका, मला फोटो पाठवा.