हिरडा, लोखंड आणि वाहतं पाणी

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय सुमे,

अजरखपूरला, कच्छमधल्या त्या अजरख ठसेछपाईच्या गावी, निघाली आहेस ना? ठसे मारताना सगळेच बघतात, तू धुण्याच्या हौदापाशी उभी राहा. ते गाव पाण्यापायीच वसलं. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या, म्हणजे या छापणाऱ्यांच्या जुन्या गावच्या, पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडायला लागले आणि छपाई करणाऱ्या खत्री मंडळींपैकी बऱ्याच जणांनी भुजजवळ नवी जागा धरली.

परतल्यावर घरी काळा-लाल करून बघणार म्हणतेस, तर निळीच्या नादी आत्ता लागू नकोस. तिचा माठ सांभाळणं हा वेगळाच संसार आहे.

अर्धा किलो सुती कापड घे. कोऱ्या कापडात खळ असते, म्हणून साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घालून दोन तास उकळ. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघ. तो मण्यासारखा वर बसला तर पुन्हा उकळायचं. इथे आळस केलास तर पुढे रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो.

मग हिरडा, १०० ग्रॅम पूड. लाल रंग तुरटीमुळे धरतो, पण नुसती तुरटी सुताला नीट धरत नाही, हिरड्यातल्या तुरटपणामुळे ती बसते. आपल्या जुन्नरचा बाळहिरडा नावाजलेला असला तरी त्यावर पैसे घालवू नकोस. काष्ठौषधीवाल्याकडची पिकल्या हिरड्याची पूड पुरते. कोमट पाण्यात कालवून गाळ, कापड तासभर बुडव, पीळ आणि न धुता उन्हात सपाट वाळव. दोरीवर वाळवलंस तर घडीशी पट्टा उमटतो.

काळ्यासाठी प्लास्टिकच्या बादलीत १ किलो गंजकं भंगार, ४०० ग्रॅम गूळ आणि ५ लिटर पाणी. दोन-तीन आठवडे सैल झाकून ठेव. वास सुटेल, शेजारी विचारतील. गाळून चिंचोक्याच्या पुडीबरोबर शिजवलं की छापण्याजोगं दाट होतं. हिरड्यावर टेकताक्षणी काळं पडतं. पण फार कडक ठेवू नकोस, लोह जास्त झालं की काही वर्षांनी कापड नेमकं काळ्या नक्षीवरच फाटतं.

लालाच्या जागी तुरटी छापायची: लिटरला साधारण १०० ग्रॅम, बाभळीच्या डिंकात. ती दिसत नाही, म्हणून चिमूटभर गेरू घाल. छापल्यावर तीन-चार दिवस कापडाला हात लावायचा नाही.

आता धुणं, आणि घरचं काम बहुतेक इथेच फसतं. बादलीत बुचकळलंस की सुटलेलं लोह कोऱ्या जागी जाऊन बसतं आणि सगळ्यावर राखाडी झाक येते. ती जात नाही. वाहत्या नळाखाली, कापड सारखं हलवत, पाणी नितळ येईपर्यंत धू. साबण नको. बोअरचं जड पाणी लालाला बाधत नाही, त्यातल्या चुन्याने उलट मंजिष्ठ, म्हणजे लाल रंग देणारी मुळी, खुलते. घात करतो तो गंजका पाइप.

मंजिष्ठ कापडाच्या वजनाइतकी, रात्रभर भिजवलेली. भांडं स्टीलचं, लोखंडी कढई अजिबात नाही. मंद आचेवर तासभर, उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर लाल तपकिरीकडे झुकतो. (अजरखपूरला अलिझरीन, म्हणजे कारखान्यात बनलेला लाल रंग, खदखदा उकळताना दिसेल, त्याला ते चालतं.) कोऱ्या जागी गुलाबी छटा राहिली तर गव्हाच्या कोंड्याच्या गरम पाण्यातून काढ.

तिथे दोन्ही बाजूंनी छापलेला तुकडा मिळाला तर उजेडात धरून बघ, पुढची-मागची रेघ एकमेकींवर किती बसली आहे ते. जमलं तर माझ्यासाठी त्यातलाच अर्धा मीटर आण.

तुझी,
नंदा