पुंगळ्यांना पॉलिश लावणं थांबवा : संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

मा. संस्कृती मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

पहिल्या महायुद्धात सैनिकांनी तोफगोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांपासून फुलदाण्या, ॲशट्रे, पाकिटं फोडायच्या सुऱ्या बनवल्या. प्रदर्शनाआधी संग्रहालयांत त्यांना पॉलिश मारून झळाळी आणतात. ते तातडीने थांबवावं, अशी आमची विनंती आहे.

पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. फ्रेंच ७५ मिमी तोफेची पुंगळी नक्षीसाठी आधी मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करत. आत शिसं, राळ किंवा वाळू ठासून भरत, म्हणजे घाव घातल्यावर पत्रा चेपत नसे. मग बोथट छिन्नीने पानं-फुलं उठवायची आणि मागची जमीन बारीक ठिपक्यांनी भरायची. ठोकता ठोकता पितळ पुन्हा कडक होतं. शेवटी तापवलेलं नसेल, तर तो ताण आजही धातूत आहे. अशा पितळाला अमोनियाचं पॉलिश लागलं की पुंगळी आवळून घडवलेल्या कमरेच्या चुण्यांत उभी भेग जाऊ शकते, आणि ती सांधता येत नाही. हे नवं नाही. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळातला ताण, असा त्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला.

शिवाय पॉलिशने ठिपके झिजतात आणि खाचांत पांढरी भुकटी बसते. ती बांबूच्या काडीने, स्पिरिटच्या बोळ्याने हळूहळू काढावी, वर मेणाचा पातळ हात द्यावा. बस्स.

बुडावरचे कारखान्याचे, लॉटचे आणि सालाचे ठसे फोटो काढून नोंदवावेत. पण ते साल पुंगळीचं आहे, नक्षीचं नव्हे. युद्ध संपल्यावर पर्यटकांसाठीही असं भरपूर काम झालं. ‘१९१६ची फुलदाणी’ अशा पाट्या म्हणूनच तपासून घ्यायला हव्यात.

आणि सर्वांत आधी बुडाची टिकली, म्हणजे आतली दारू पेटवणारी छोटी टोपी, पाहावी. तिच्यावर तोफेच्या पिनेच्या घावाची खूण नसेल तर ती जिवंत समजावी. खूण असली तरी न पेटलेली टिकली आत असू शकते. बॉम्बशोधक पथकाने हिरवा कंदील दिल्याशिवाय कुणी तिथे हातोडी, ड्रिल किंवा उष्णता लावू नये, असा लेखी आदेश प्रत्येक संग्रहालयाला पाठवावा.

आपले,
धातूच्या जुन्या वस्तूंचं जतन करणारे कारागीर